रॅम्पवरचा पिवळा दिवा

४ नोव्हेंबर, सोमवार

आज सात.

हा आकडा खारूताईचा. खारूताई म्हणजे दादाची मुलगी, वयही सातच. दादा-वहिनी आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. दोघांनाही सकाळी लवकर निघावं लागतं, म्हणून तिला शाळेत सोडायचं काम बाबांचं. नवी गाडी आल्यापासून ती मागच्या सीटवरून मान लांब करून डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजते आणि गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिते. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला दिवा. तो लागला की गाडीचा जोर क्षणभर जातो.

जेवताना बाबांनी विषय काढला. म्हणाले, "तुमच्या त्या ट्रॅक्शन कंट्रोलला जरा समजावून सांग. रस्त्यावर ओलं पान दिसलं तरी गळाठतं."

तुमच्या, म्हणजे माझ्या. गाडी आमच्या कंपनीची नाही, पण चाकांची पकड सांभाळणारा तिच्यातला डबा आमचा आहे, आणि त्या डब्यात कोणते आकडे भरायचे हे ठरवणाऱ्या आठ जणांत मी आहे. मी सांगितलं, पुढची चाकं मागच्यांपेक्षा वेगाने फिरायला लागली की डबा इंजिनचा जोर काढून घेतो. तो त्याचं काम करतोय. बाबा म्हणाले, काम करणाऱ्याने इतकं घाबरट असू नये.

आईचं म्हणणं, दोघांनी गाडीची जेवढी विचारपूस चालवलीय तेवढी तिच्या गुडघ्यांची केली असती तर ती एव्हाना पळायला लागली असती.

ऑफिसात चाचण्यांची नोंद ठेवते तशीच ही वही. फरक एवढाच की इथे खाली कुणाची सही लागत नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

या मॉडेलबद्दल आतापर्यंत एकतीस तक्रारी आल्या आहेत. सगळ्यांत तोच शब्द: अतिसंवेदनशील. मला त्यात थोडं तथ्य वाटतं. आकडे ठरवले तेव्हा सगळेच धास्तावलेले होते, आणि धास्तावलेली माणसं मर्यादा खाली ओढतात.

काम माझ्याकडे आलं. आमच्या साहेबांना सगळे म्यूट म्हणतात, कारण ते इतकं हळू बोलतात की मीटिंगमध्ये पंखा बंद करावा लागतो. त्यांना अशी गाडी हवी होती जिच्यात हा प्रकार रोज, खात्रीने होतो. मी म्हटलं, एक माहीत आहे. कुणाची ते सांगितलं नाही. फॉर्मवर लिहिलं: ग्राहक क्रमांक बत्तीस. पुरुष, वय सहासष्ट, चाळीस वर्षं गाडी चालवतो, एकही अपघात नाही.

यातलं काहीच खोटं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

गाडीला रेकॉर्डर जोडला. बाबा चालवत होते, मी शेजारी लॅपटॉप घेऊन. ते स्टीअरिंग कुणाला देत नाहीत. दादाला दोनदा दिलं होतं, दोन्ही वेळा मधेच गाडी थांबवून परत घेतलं.

क्रम लिहून ठेवते. तळघरातून वर येणारा रॅम्प: रंगवलेलं गुळगुळीत काँक्रीट, डाव्या बाजूला गळक्या पाइपचं पाणी. दिवा दोनदा. बागेजवळचं वळण: एकदा. मोठा चौक: एकदा.

चौकात आम्हाला दोन लेन ओलांडून पलीकडे जायचं होतं. उजवीकडून ट्रक येत होता, पण अंतर पुरेसं होतं. अर्ध्यात आलो आणि जोर गेला. इंजिन चालू, पण गाडी जणू विचार करत उभी. ट्रकवाल्याने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. मग गाडी निघाली. नोंदीप्रमाणे एक पूर्णांक चार दशांश सेकंद.

बाबांनी चौक ओलांडला. पुढे गाडी बाजूला घेतली आणि उजवा तळवा मांडीवर दाबून धरून बसले. म्हणाले, "बघितलंस ना?"

मी म्हटलं, बघितलं.

गाडी चालवायला ते हल्ली जुने, झिजलेल्या तळव्याचे कॅनव्हासचे बूट घालतात. जाड बुटातून पॅडल नीट कळत नाही म्हणाले. चौतीस वर्षं त्यांनी हाताने यंत्रांची ड्रॉइंग काढली. अर्ध्या मिलिमीटरवर त्यांचा जीव असतो. प्रत्येक फेरीची तारीख आणि किलोमीटर ते एका वहीत लिहितात. ती वही आज ताडून पाहायला घेतली. अक्षर फार बारीक झालंय. जानेवारीत एका पानावर वीस ओळी आहेत, आता त्रेचाळीस. कागद वाचवतात. काही नोंदी वाचायला मला भिंग लागलं.

१० नोव्हेंबर, रविवार

दोष सापडला.

पॅडलची रेषा सरळ नाही. रॅम्प चढताना पाय एका जागी धरलेला असतो, म्हणजे रेषा सपाट हवी. इथे तिला करवतीसारखे दात आहेत. सेकंदाला पाच, अगदी नियमित, मध्यापासून तीन टक्के वर आणि तीन टक्के खाली. पॅडल थरथरलं की इंजिनचा जोर थरथरतो, ओल्या उतारावर चाक निसटायच्या बेतात असतंच, ते निसटतं, दिवा लागतो. म्हणजे डबा घाबरट नाही. त्याला येणारी बातमीच खराब आहे. पॅडलचा सेन्सर खराब किंवा त्याची वायर सैल.

बाबांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "सेन्सरच ना?" मी म्हटलं, इतका नियमित दोष यंत्राचाच असतो. त्यांनी मान हलवली आणि खूप दिवसांनी वर्तमानपत्र पूर्ण वाचलं, अगदी शब्दकोड्यापर्यंत. कोडं मात्र आईला भरायला लावलं; ते सांगत होते, ती लिहीत होती.

मला बरं वाटलं. इतकं बरं का वाटावं ते कळलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सेन्सर बदलला. वायर बदलली. दात तसेच.

टायर बदलले, हवा तपासली. पाइप दुरुस्त करून रॅम्प कोरडा करवून घेतला. दिवा कमी झाला, पण गेला नाही. रेषेला दात तसेच.

बाबांना सांगितलं तेव्हा ते बुटाची नाडी बांधत होते. बराच वेळ बांधत होते. खाली बघूनच म्हणाले, "मग अजून शोध."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

टेस्ट ड्रायव्हर काकांना रेषा दाखवली. काका आमच्या ट्रॅकवर सव्वीस वर्षं गाड्या चालवतायत. आम्ही आलेख वाचतो, ते सीटवर बसून गाडी वाचतात, आणि आम्ही त्यांच्या तीन दिवस मागे असतो असं सगळ्यांना ऐकवतात.

त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. काय काय बदललं ते विचारलं. मी सांगितलं: सेन्सर, वायर, टायर, रस्ता.

"ड्रायव्हर बदललास?"

मी म्हटलं, ग्राहकाची गाडी आहे, ग्राहकच चालवतो.

"पोरी, एक दिवस तू चालव. तेवढंच राहिलंय."

मी म्हटलं, ग्राहकाला ते आवडणार नाही. काका माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले, मग कागद घडी करून परत दिला. काकांना आलेखांचा तिटकारा आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

इथे सही लागत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. आज मी नियम मोडला.

एक फिल्टर लिहिला. पॅडलची सेकंदाला चारपेक्षा जलद असलेली कुठलीही हालचाल इंजिनपर्यंत पोचू द्यायची नाही. चहाची गाळणी असते तसं: दात वर राहतात, सपाट रेषा खाली उतरते. किंमत एवढीच की पाय दाबल्यावर गाडी दोन दशांश सेकंद उशिरा ऐकते. संगणकावर दोनशे फेऱ्या चालवून पाहिल्या. पण मंजुरी नसलेली फाइल खासगी गाडीत भरायला मनाई आहे, आणि ती मी भरली. कच्ची रेषा आणि गाळलेली रेषा, दोन्ही नोंदवायला रेकॉर्डर चालू ठेवलाय. चूक करायचीच तर नोंद तरी पूर्ण असावी.

रॅम्प: शून्य. वळण: शून्य. चौक: शून्य.

बाबांनी परत येऊन गाडी लावली, किल्ली काढली आणि डाव्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली. "मानलं, इंजिनिअरबाई."

दहावीच्या निकालानंतर ही दुसरी थाप. मी "ठीक आहे" म्हटलं आणि लॅपटॉपची वायर गुंडाळत बसले.

आई त्यांना हल्ली अर्धाच कप चहा देते. आज दोनदा अर्धा दिला. साखर कमी करायचा तिचा काहीतरी बेत असावा.

२५ नोव्हेंबर, सोमवार

खारूताई नाराज आहे. रोज शून्य लिहायचं तर वही कशाला, असा तिचा प्रश्न. तिने आता दुसरं मोजायला घेतलंय. म्हणाली, "आत्या, सिग्नलला थांबलो ना, की आजोबांचा बूट ताल धरतो. गाणं लावलेलं नसलं तरी."

मुलांना मोजायला काहीतरी लागतंच. माझंही तसंच होतं.

संध्याकाळी ती बाबांच्या मागे लागली होती, कंपासशिवाय गोल काढून दाखवा म्हणून. हा त्यांचा जुना खेळ. दादाला आणि मलाही ते एका झटक्यात वर्तुळ काढून दाखवायचे आणि आम्ही पट्टीने मोजून हरायचो. आज म्हणाले, कंपास घे, कंपास कशाला असतो मग.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

म्यूटना फिल्टर आवडला. शुक्रवारी मोठ्या मीटिंगमध्ये मी मांडायचा. सगळं जमलं तर पुढच्या वर्षी तो प्रत्येक गाडीत असेल. ते म्हणाले, ग्राहक बत्तीसचे आभार मानायला हवेत. मी हसले असेन.

काका कँटीनमध्ये भेटले. त्यांनी फिल्टरबद्दल ऐकलं होतं. एवढंच म्हणाले, "आवाज बंद झाला म्हणजे दुखणं गेलं असं नसतं." मी म्हटलं, आलेख बघा. ते म्हणाले, बघितला होता.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आठ वाजून अठरा मिनिटांनी वहिनीचा फोन.

शाळेच्या फाटकापाशी गाडी थांबलेली होती. खारूताई मागे, पट्टा काढत होती. गाडी एकदम पुढे गेली आणि फुटपाथवर चढून रेलिंगला धडकली. कुणाला काही झालं नाही. रेलिंगला टेकवून कुणीतरी दप्तर ठेवलं होतं, ते चाकाखाली गेलं. दप्तराचा मुलगा दोन पावलांवर उभा होता, बुटात गेलेला खडा काढत.

बाबा म्हणतायत, गाडीने उडी मारली.

मी पोचले तेव्हा खारूताई पायरीवर बसून पाणी पीत होती. बाबा गाडीजवळ उभे, हात खिशात. शाळेच्या शिपायाने मला विचारलं, कसली गाडी आहे ही?  वहिनीने मुलीला उचललं आणि रिक्षाने घरी नेलं. सात वर्षांच्या मुलीला कुणी कडेवर घेत नाही.

गाडीत माझी फाइल आहे. हे शाळेपाशी उभ्या असलेल्या माणसांपैकी फक्त मला माहीत होतं. रेकॉर्डर काढून आणलाय. उघडलेला नाही. 

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी सहाला उघडला.

आधी स्वतःपुरतं पाहिलं, हे लिहायला हवं. माझ्या फाइलने गाडी पुढे नेली नाही. पाय ब्रेकवरून उचलला गेला, शेजारच्या पॅडलवर पडला आणि दाबला गेला, चाळीस टक्के. इंजिनने ऐकलं, दोन दशांश सेकंद उशिरा. फिल्टर नसता तर गाडी आणखी पुढे असती. मी निर्दोष आहे. चार मिनिटं हे वाक्य पुरलं.

मग कच्ची रेषा पाहिली. गाळणीच्या वर राहिलेली. नऊ तारखेला दात तीन टक्क्यांचे होते. काल सात टक्क्यांचे. सेकंदाला पाचच, एकही कमी-जास्त नाही. सेन्सर नवा, वायर नवी, टायर नवे. दिवा रोज शून्य. तो सांगत होता तेव्हा मी त्याचं तोंड बंद केलं, आणि त्याच्यामागे हे दुपटीहून वाढलं.

यंत्राचा दोष नियमित असतो असं मी म्हणाले होते. आणखी काय इतकं नियमित असतं, ते शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. बारीक होत जाणारं अक्षर लक्षणांच्या यादीत होतं. नाड्या बांधायला लागणारा वेळही.

मी सगळं बदललं. ड्रायव्हर सोडून.

मीटिंगमध्ये फिल्टर मागे घेतला. ग्राहक क्रमांक बत्तीस माझे वडील आहेत आणि फाइल मी परवानगीशिवाय भरली, हे दोन वाक्यांत सांगितलं. पंखा बंदच होता. म्यूट म्हणाले, सोमवारी लेखी द्या. दारापाशी त्यांनी विचारलं, वडील कसे आहेत? ते मी अजून विचारलंच नव्हतं.

फॉर्मवर "मूळ कारण" हा रकाना असतो. लिहिलं: गाडीत नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

दोन आलेख छापून बाबांसमोर टेबलावर ठेवले. वरचा नऊ तारखेचा, खालचा अठ्ठावीसचा. काही समजावलं नाही. ड्रॉइंग वाचणाऱ्याला समजवायचं नसतं.

त्यांनी चष्मा लावला. आधी मोजपट्टी पाहिली, नेहमीसारखी. एका सेकंदावर डाव्या हाताचं नख ठेवून दात मोजले.

"पाच." मग खालच्यावर. "पाचच. उंची वाढलीय."

"हो."

"सेन्सर?"

"नवा आहे, बाबा."

उजवा हात टेबलाखाली मांडीवर होता. त्यांनी तो वर काढला आणि कागदावर ठेवला. कागदाचा कोपरा फडफडायला लागला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"गेल्या वर्षापासून," ते म्हणाले. आधी फक्त पेन्सिल धरताना व्हायचं. मग पायात आलं. जुन्या गाडीची पॅडलं जड आहेत, त्यामुळे होत असेल असं वाटलं, म्हणून ती विकून ही हलक्या पॅडलांची घेतली. मग दिवा लागायला लागला, तर वाटलं गाडीतच खोट आहे. "तू सेन्सर म्हणालीस, त्या दिवशी मी शांत झोपलो."

मला त्यांना काहीतरी मऊ सांगायचं होतं. तोंडून निघालं ते असं: "खारूताई गाडीत होती, बाबा."

ते म्हणाले, "माहीत आहे." मग शर्टाच्या खिशातून किल्ली काढून आलेखावर ठेवली आणि कागदासकट माझ्याकडे सरकवली.

स्वयंपाकघरात आईला विचारलं, चहा अर्धा का देतेस? म्हणाली, पूर्ण भरला की सांडतो. कधीपासून? उन्हाळ्यापासून. मग बोलली का नाहीस?

"त्यांनी कधी विषय काढला नाही, तू विचारलं नाहीस. मी आपला कप अर्धा भरला."

म्हणजे या घरात गाळणी लावणारी मी एकटी नव्हते. डॉक्टरांची वेळ बुधवारची मिळाली आहे. कंपवात हा शब्द आज कुणी उच्चारला नाही. इथे मी लिहिला.

२ डिसेंबर, सोमवार

काल गाडीत मूळ फाइल परत भरली. पुढचा बंपर चेपलेलाच आहे, पण गाडी चालते. आज मी चालवली. वहिनीने आधी नको म्हटलं, मग खाली आली, मुलीचा पट्टा स्वतः लावला, दोनदा ओढून पाहिला. बाबा जिन्यातून येताना दिसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते शेजारच्या सीटवर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, उघडे.

रॅम्प आज ओला होता. पाइप पुन्हा गळतोय. बाबा दिव्याकडे बघत होते. मीही. चढताना माझ्या मनात आलं, जरासं जास्त दाबलं तर लागेल. किती दाबायला हवं तो आकडा मला पाठ आहे. लागला असता तर ते हसले असते, म्हणाले असते, बघ, तुझ्यावरही.

दाबलं नाही.

रॅम्प, वळण, चौक. चौकात ट्रक नव्हता. पलीकडे पोचल्यावर बाबा काचेबाहेर बघत म्हणाले, "एकदा तरी लागायला हवा होता."

 गिअरजवळ त्यांचा हात होता, त्यावर मी हात ठेवला. माझ्या तळव्याखाली तो चालूच राहिला.

शाळेपाशी रेलिंगचा वाकलेला भाग दोरीने बांधलाय. मी गाडी बरीच अलीकडे थांबवली. खारूताईने वही काढली, पेन्सिल काढली, आणि मग दोन्ही पुढे केलं.

"आजोबा, आजचं शून्य तुम्ही काढा."

मला वाटलं ते म्हणतील, कंपास घे. त्यांनी वही गुडघ्यावर ठेवली, पेन्सिल उजव्या हातात धरली आणि काढलं. घाई केली नाही, लपवलं नाही. पानाच्या पाव भागाएवढं मोठं काढलं, आणि जिथून सुरू केलं तिथेच नेमकं आणून मिळवलं. कडेला सगळीकडे दात होते.

किती, ते मी मोजले नाहीत.